शास्त्रीय संगीताची मैफल भरवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावोगावची संगीत मंडळं, शाळा-महाविद्यालयं, गृहसंकुलांच्या सांस्कृतिक समित्या आणि परदेशातली मराठी मंडळं आम्हाला सतत जे प्रश्न पाठवतात, त्यांतले नेहमी येणारे इथे एकत्र केले आहेत. भर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतावर आहे. कायदा आणि कराचे आकडे बदलत असतात, म्हणून कार्यक्रम ठरवण्याआधी ते एकदा तपासून घ्या.

१. मैफल भरवायला संस्था नोंदवावीच लागते का?

नाही. चार मित्रांनी वर्गणी काढून कुणाच्या दिवाणखान्यात चाळीस माणसांची बैठक केली, तर नोंदणी लागत नाही. पहिली दोन-तीन वर्षं अशाच बैठका करा, असं आम्ही सुचवतो. श्रोते कोण आहेत, ते पुन्हा येतात का, हे त्यातच कळतं.

देणग्या घ्यायच्या असतील, बँकेत संस्थेच्या नावाने खातं हवं असेल, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून द्यायची असेल किंवा सरकारी अनुदान मागायचं असेल, तर नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात अशा बहुतेक संस्था धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेल्या असतात. दरवर्षी हिशेब तपासून दाखल करावे लागतात. हे काम आवडीने करणारा एक तरी माणूस समितीत हवा, नाहीतर संस्था गाण्यापायी नाही तर कागदांपायी बंद पडते.

२. तिकीट काढून शास्त्रीय गाणं ऐकायची पद्धत आली कधी? पूर्वी हे सगळं दरबारातच होतं ना?

दरबार होते, श्रीमंतांच्या खासगी बैठका होत्या, देवळातले उत्सव होते. तरी वर्गणीदारांच्या संस्था आपल्याकडे बऱ्याच जुन्या आहेत. पुण्यात पूना गायन समाज १८७४ साली निघाला, कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ चा आणि भास्करबुवा बखले यांनी स्थापन केलेला भारत गायन समाज १९११ चा. सभासदाने वर्गणी भरायची आणि वर्षभर गाणी ऐकायची, हा आजच्या म्युझिक सर्कलचा पाया तेव्हाच पडला.

तिकिटाला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः विष्णू दिगंबर पलुस्करांमुळे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाश्रयावर न विसंबता जाहीर जलसे, विद्यार्थ्यांची फी आणि लोकांच्या देणग्या यांवर त्यांनी ते चालवलं. जलसा वेळेवर सुरू होणं, श्रोत्यांनी शांत बसणं, गवयाला मान मिळणं या आज गृहीत धरलेल्या गोष्टींसाठी त्यांना आयुष्यभर आग्रह धरावा लागला. १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि संगीताचे अभ्यासक विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली आणि एका मांडवात अनेक घराणी आली.

संस्थानं विलीन झाल्यावर कलावंतांचा मोठा आधार आकाशवाणी होती. १९५२ पासून तिचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ‘ए ग्रेड’, ‘टॉप ग्रेड’ हे कलाकारांच्या श्रेणीचे शब्द तिथूनच आले, आणि आजही कलाकाराच्या परिचयात ते वाचले जातात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ चा. आर्य संगीत प्रसारक मंडळाने भीमसेन जोशींच्या पुढाकाराने त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांच्या पुण्यतिथीनिमित्त तो सुरू केला. हजारो लोक तिकीट काढून दिवसच्या दिवस शास्त्रीय संगीत ऐकतात, हे या महोत्सवाने सिद्ध केलं.

३. कलाकाराशी बोलणी कशी करायची? बिदागी थेट विचारली तर वाईट दिसेल का?

अजिबात वाईट दिसत नाही. पहिल्याच फोनवर तारीख, ठिकाण, श्रोते साधारण किती, गाण्याला किती वेळ आणि तुमची आर्थिक मर्यादा एवढं सरळ सांगा. ‘आमची संस्था छोटी आहे, एवढं जमेल’ या वाक्याने आजवर कुणी दुखावलेलं आम्ही पाहिलेलं नाही. ‘मानधनाचं बघू नंतर’ या वाक्याने मात्र पुष्कळजण दुखावतात.

ठरलं की साधं एक पानी पत्र पाठवा. त्यात पुढच्या गोष्टी असाव्यात : साथीदारांचं मानधन मुख्य कलाकाराच्या रकमेत धरलं आहे की वेगळं, प्रवास आणि राहण्याचा खर्च कुणाचा, इसार (आगाऊ रक्कम) किती आणि कधी, उरलेली रक्कम कधी देणार, रेकॉर्डिंग होणार का (प्रश्न ११ पाहा). उरलेले पैसे कार्यक्रमाआधी किंवा संपल्याबरोबर मिळाले पाहिजेत. मैफल संपल्यावर तबलजीला पाकिटासाठी विंगेत ताटकळत ठेवणं ही फार वाईट सवय आहे, आणि ती नावाजलेल्या ठिकाणीही आढळते.

साथीदार कोण असावेत, हे कलाकाराला ठरवू द्या. खर्च वाचवायला स्थानिक साथ द्यायची असेल, तर आधी नाव सांगून होकार घ्या. ख्यालाला (रागाचा सावकाश विस्तार करणाऱ्या गायनप्रकाराला) संथ, ठाय लयीत धरून ठेवणारा ठेका लागतो. सतारीच्या साथीत चमकणारा तबलजी तिथे योग्य असेलच असं नाही.

४. आमच्याकडे तीन कलाकार आणि साडेतीन तास आहेत. वेळ कसा वाटून द्यावा?

तीन ऐवजी दोनच कलाकार ठेवा.

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत सर्वाधिक हाच प्रश्न असतो आणि मैफली सर्वाधिक बिघडतात त्याही इथेच. साडेतीन तास कागदावर असतात. त्यातून दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, कलाकार बदलतानाची मांडामांड आणि मध्यंतर वजा केलं की गाण्याला अडीच तास उरतात. तिघांत वाटले तर प्रत्येकाला पन्नास मिनिटं. विलंबित (संथ) एकतालात बडा ख्याल मांडायचा तर आलापीलाच (सुरांच्या सावकाश विस्तारालाच) वीस-पंचवीस मिनिटं हवीत. मग बोलअंग (शब्द घेऊन केलेला विस्तार), ताना, द्रुत (जलद) बंदीश. पन्नास मिनिटांत गवई एक राग घाईने उरकतो, एक भजन म्हणतो आणि उठतो. त्याने काय वगळलं, हे श्रोत्याला कळतही नाही.

मुख्य कलाकाराला किमान दीड तास सलग, आधीच्या तरुण कलाकाराला पाऊण ते एक तास, असा हिशेब धरा. तरुणाला पाऊण तास दिला असेल, तर त्याला तो आदल्या आठवड्यात सांगा. मंचावर चिठ्ठी पाठवून ‘आता दहाच मिनिटं’ कळवणं अन्यायाचं आहे.

क्रमाचा संकेत असा की ज्येष्ठ शेवटी. सवाईत भीमसेनजींनंतर अनेक वर्षं सांगता प्रभा अत्रे यांच्या गाण्याने होत असे, आणि श्रोते त्यासाठी थांबत. पण ज्येष्ठ कलाकाराला प्रकृतीमुळे लवकर बसायचं असेल किंवा ठराविक प्रहराचाच राग मांडायचा असेल, तर संकेत खुशाल मोडा. ते आधी जाहीर केलं की पुढच्यालाही अवघडल्यासारखं होत नाही.

५. रात्री दहानंतर कार्यक्रम चालू ठेवता येतो का? कुणी म्हणतं चालतो, कुणी म्हणतं पोलीस बंद करतात.

दोन्ही खरं आहे. ठिकाण उघडं की बंदिस्त, यावर ते ठरतं. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे. बंदिस्त सभागृहात आतल्यापुरता तो चालतो, मात्र बाहेर आवाजाची मर्यादा पाळावीच लागते. म्हणजे मैदान, मांडव, गच्ची, सोसायटीचं आवार इथे दहाला थांबायचं.

अपवाद असा : सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी हे दिवस जाहीर करतात. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी यांत त्यातले बहुतेक संपतात, पण एखाद-दुसरा दिवस राखीव असतो. आपली तारीख त्यात बसते का, हे कलाकार ठरवण्याआधी विचारा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र असतं, ते वेगळंच. ध्वनिवर्धकाचा परवाना स्थानिक पोलीस ठाण्यातून निदान दोन आठवडे आधी घ्या.

६. मग मालकंस, दरबारी, अडाणा हे रात्रीचे राग ऐकायचे कधी?

या नियमाची झळ आपल्या संगीताला खरोखर लागली आहे. उघड्या मांडवात पहाटेपर्यंत गाणं चालायचं तेव्हा मध्यरात्रीचा दरबारी, उत्तररात्रीचा सोहनी, पहाटेचा ललत आणि उजाडताना भैरवी असा प्रवास एकाच बैठकीत घडायचा. आजच्या संध्याकाळी सहा ते दहाच्या चौकटीत पूरिया, मारवा, यमन, बिहाग, बागेश्री एवढेच राग पुन्हा पुन्हा येतात. लोकांची झोप आणि रुग्णांची शांतता महत्त्वाची आहे, त्याबद्दल वाद नाही. उपाय मात्र संयोजकाने शोधायला हवा.

एक उपाय म्हणजे बंदिस्त सभागृहात रात्री नऊला सुरू होणारी मैफल. दुसरा, सकाळी सहाची बैठक : तोडी, भटियार, अहिर भैरव, नटभैरव यांना पुन्हा जागा मिळते. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी लोकांना भल्या सकाळी आवरून गाण्याला यायची सवय लावली आहेच. त्यातला एखादा कार्यक्रम पूर्ण रागदारीचा करा. दुपारचं सत्र ठेवलंत तर सारंगाचे प्रकार, भीमपलास, पटदीप, मुलतानी ऐकायला मिळतात. तिसरा उपाय सर्वांत सोपा आणि आमच्या मनाचा : पन्नास-साठ श्रोत्यांची, बंदिस्त जागेतली, ध्वनिवर्धकाशिवायची बैठक. तिथे दहाचा नियम आड येत नाही. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगा, आणि त्यांनाही बोलवा.

७. साउंडवाल्याला नेमकं काय सांगायचं? दरवेळी तबला कानठळ्या बसवतो आणि गाणं दबतं.

कारण तो आदल्या दिवशी ऑर्केस्ट्रा करून आलेला असतो. त्याला चार गोष्टी सांगा.

आवाजाची पातळी गायकाच्या मंद्र (खालच्या) सप्तकावरून ठरवायची. गायक खर्जात हळू सूर लावेल तेव्हा शेवटच्या रांगेत तो स्पष्ट ऐकू यायला हवा आणि तार (वरच्या) सप्तकात कानाला बोचू नये. तबल्याला दोन माइक असतील तर डग्ग्याचा (डाव्या हाताच्या वाद्याचा) खालचा बास थोडा उतरवायचा. तानपुऱ्याला स्वतंत्र माइक हवा, कारण बहुतेक ठिकाणी तो नुसता दिसतो, ऐकू येत नाही. प्रतिध्वनीचा इफेक्ट शून्यावर ठेवायचा. आलापातला शांत अवकाश त्या इफेक्टने भरून जातो.

मंचावरचा मॉनिटर हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गायकाला स्वतःचा आवाज आणि तानपुरा मॉनिटरमधून ऐकू आला नाही, तर तो जोर लावून गातो आणि अर्ध्या तासात गळा थकतो. साउंड चेकला पाऊण तास राखून ठेवा. त्या वेळी सभागृहात खुर्च्या ओढणं, फुलांची सजावट, निवेदकाचं ‘हॅलो हॅलो’ सगळं बंद. मैफल सुरू झाल्यावर समितीतल्या एकाने मागच्या रांगेत बसून ऐकावं आणि काही सांगायचं असेल तर ते फक्त त्यानेच सांगावं.

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं १९८० साली उघडलेलं टाटा थिएटर हजारभर श्रोत्यांसाठी आहे. ध्वनिवर्धकाशिवायही ऐकू यावं, अशा बेताने त्याची रचना केलेली आहे. असं सभागृह आपल्या वाट्याला येणं कठीण, पण लाकडी मंच, मागे जाड पडदा आणि भरलेल्या खुर्च्या एवढ्यानेही पत्र्याच्या हॉलचा घुमारा कमी होतो.

८. तानपुरे आम्ही द्यायचे की कलाकार आणतो? इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालेल का?

बाहेरगावचा कलाकार भोपळ्याचे तानपुरे घेऊन फिरत नाही, त्यामुळे ते संस्थेने द्यावेत अशी अपेक्षा असते. विचारून घ्या. हार्मोनियमच्या पट्ट्यांवर पुरुष आवाज साधारण काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास आणि स्त्री आवाज काळी चार-पाचच्या आसपास असतो. दोन्हींच्या तारा वेगळ्या, त्यामुळे जोडीही वेगळी लागते. कलाकाराची पट्टी तबलजीलाही आधी कळवा. वरच्या पट्टीला लहान तोंडाचा तबला लागतो. तो त्याने आणला नसेल, तर तासभर आधी काहीही करता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचं ॲप आधाराला हरकत नाही, आणि बहुतेक कलाकार वापरतातही. पण दोन जवारीदार (घुमारेदार नादाचे) तानपुरे जुळले की त्यातून जो गंधार (‘ग’ हा सूर) आपोआप उमटतो, त्यावर सूर ठेवण्याचं सुख निराळं. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर आजही हे काम करतात, आणि तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. संस्थेला पहिली मोठी देणगी मिळाली की बॅनरवर खर्च न करता तानपुऱ्यांची जोडी घ्या.

एसीबद्दल : सभागृह दोन तास आधी थंड करा आणि तापमान मग बदलू नका. ऐनवेळी एसी चालू केला की तारा चढतात, मंचावरचे दिवे तापले की उतरतात, दमट हवेत तबल्याची शाई-पुडी (वरचा काळा गोल आणि कातडं) वेगळीच वागते. कलाकार पुन्हा पुन्हा जुळवत बसतो, तेव्हा दोष बऱ्याचदा एसीच्या बटणाचा असतो.

९. तिकीट, देणगी प्रवेशिका की मोफत? जीएसटी लागतो का?

परवडत असलं तरी पूर्ण मोफत करू नका. पन्नास रुपये भरून आलेला माणूस वेळेवर येतो आणि बसून राहतो. विद्यार्थ्यांना सवलत जरूर द्या आणि पुढच्या काही रांगा त्यांच्यासाठी ठेवा.

संगीताच्या कार्यक्रमाचं प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटीची माफी आहे. ‘देणगी प्रवेशिका’ असं छापलं म्हणून नियम बदलत नाही. प्रवेशासाठी पैसे घेतले की ते प्रवेशशुल्कच. अनेक दिवसांच्या सीझन तिकिटाचा हिशेब कसा धरायचा, ते तुमच्या सीएकडून आधी लिहून घ्या.

कलाकाराच्या मानधनाबद्दल वेगळी तरतूद आहे. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल, तर ते जीएसटीतून मुक्त आहे. ही सवलत शास्त्रीय आणि लोककलांनाच आहे. भावगीतांचा किंवा चित्रपटगीतांचा कार्यक्रम तिच्यात बसत नाही, तिथे कलाकाराची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेवर आहे का, हे पाहावं लागतं. मानधनातून आयकर कापायचा असेल, तर तो आधी सांगूनच कापा.

१०. पारंपरिक बंदिशी गायला कॉपीराइटची परवानगी लागते का? आम्हाला एका संस्थेकडून परवान्याचं पत्र आलं आहे.

सदारंग-अदारंग या जुन्या रचनाकारांच्या बंदिशींवर आज कुणाचा हक्क नाही. रागावरही नाही. कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची नाट्यपदं, तसंच भास्करबुवा आणि गोविंदराव टेंबे यांच्या चाली आता मोकळ्या आहेत. १९९८ साली निवर्तलेल्या जितेंद्र अभिषेकींच्या चालींवर मात्र हक्क शाबूत आहे. तीच गोष्ट हयात कलावंतांनी बांधलेल्या बंदिशींची.

म्हणून आधी यादी करा : कोणत्या रचना होणार, रचनाकार कोण. प्रत्यक्ष गायनासाठी गीतकार-संगीतकारांच्या वतीने आयपीआरएस ही संस्था परवाना देते. मध्यंतरात ध्वनिमुद्रिका वाजवणार असाल तर तो विषय वेगळा, त्याचे हक्क ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संस्थांकडे असतात. तो खर्च टाळायला मध्यंतरात काहीही न वाजवणं उत्तम. आत्ता ऐकलेला राग कानात राहू द्यावा.

हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की ती लागू होत नाही. पत्र आलं असेल तर घाबरून पैसे भरू नका आणि केराच्या टोपलीतही टाकू नका. यादी जोडून लेखी उत्तर द्या.

११. कार्यक्रम यूट्यूबवर टाकला तर चालेल ना? मानधन तर आम्हीच दिलं आहे.

मानधन गाण्याचं दिलंत, ध्वनिचित्रमुद्रणाचं नाही. सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. लेखी संमती घ्या, आणि ती तबला, हार्मोनियम, तानपुऱ्यावर बसलेल्यांचीही घ्या. थेट प्रक्षेपण, कायमचं अपलोड आणि संस्थेच्या संग्रहासाठीची प्रत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ कलाकार तिसऱ्याला आनंदाने होकार देतात आणि दुसऱ्याला नाही. बिघडलेल्या घशाचं गाणं कायमचं जगापुढे राहू नये, असं कुणालाही वाटणारच.

तुमच्याच कार्यक्रमावर यूट्यूबने एखाद्या कंपनीचा दावा दाखवला, तर गोंधळू नका. एकच पारंपरिक बंदीश त्याच रागात अनेकांनी रेकॉर्ड केलेली असते आणि यंत्राला ती सारखी वाटते. रचना पारंपरिक असल्याचं आणि ध्वनिमुद्रण तुमचं असल्याचं सांगून दावा नाकारता येतो. रचना मोकळी नसेल, तर प्रश्न १० पाहा.

१२. प्रायोजकाला खूश ठेवायचं आणि गाण्यालाही धक्का लावायचा नाही, हे जमवायचं कसं?

करार करतानाच ठरवा. प्रायोजकाचं नाव प्रवेशिकेवर, प्रवेशद्वारावर आणि निवेदनात एकदा. मंचाच्या पाठीमागे, गायकाच्या डोक्यावर जाहिरात नको. सत्कार सुरुवातीला, पाच मिनिटांत. दोन रागांच्या मध्ये भाषण कदापि नाही : रागाने बांधलेलं वातावरण माइक दुसऱ्याच्या हातात जाताच जातं आणि पुन्हा बांधायला कलाकाराला अर्धा तास लागतो. बहुतेक प्रायोजक हे ऐकून घेतात. जो ऐकत नाही, त्याचे पैसे कमी धरून एका कलाकाराची मैफल करा.

१३. ऐनवेळी कलाकार आजारी पडला किंवा पावसाने मांडव भिजला, तर पैसे परत करायचे?

मुख्य कलाकार बदलला तर मागेल त्याला पैसे परत, हे प्रवेशिकेवर छापा. प्रत्यक्षात फार थोडे मागतात. कलाकार प्रकृतीमुळे येऊ शकला नाही, तर इसार परत मागण्याऐवजी नवी तारीख घ्यावी. कार्यक्रम आपण रद्द केला, तर इसार त्याच्याकडे राहतो आणि साथीदारांच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई द्यावी. हे सगळं प्रश्न ३ मधल्या पत्रात आधीच लिहिलेलं असलं, की त्या दिवशी कुणाशी भांडावं लागत नाही. उघड्यावरचा कार्यक्रम असेल, तर जवळच्या शाळेचा हॉल तोंडी का होईना, बोलून ठेवा.

१४. आम्ही अमेरिकेतलं मराठी मंडळ आहोत. भारतातून कलाकार बोलवायला व्हिसा कोणता?

पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन गाता येत नाही, आणि ‘घरगुती कार्यक्रम आहे’ म्हणून तो वापरला तर पहिला धोका कलाकाराला असतो. पारंपरिक कलांच्या सादरीकरणासाठी पी-३ हा वर्ग आहे. त्याचा अर्ज तिथल्या यजमान संस्थेने करायचा असतो. साथीदारांचाही विचार त्याच वेळी करावा लागतो. एकट्या मंडळाला खर्च झेपत नाही, म्हणून जवळच्या शहरांतली मंडळं मिळून दौरा आखतात. मात्र दौऱ्यात रोज नवं शहर ठेवू नका. लांबच्या विमानप्रवासानंतर गळ्याला एक पूर्ण दिवस विश्रांती लागते.

१५. कलाकार रंगला आणि ठरलेल्या वेळेच्या पुढे गात राहिला, तर थांबवायचं का?

बंदिस्त सभागृहात असाल, तर थांबवू नका. नाट्यगृहाच्या जादा वेळेचं भाडं अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवा. उघड्यावर असाल, तर दहाचा नियम कलाकाराला मंचावर बसण्याआधीच सांगा आणि त्याला दिसेल असं घड्याळ समोर ठेवा. अनुभवी गवई साडेनऊला स्वतःच मैफलीची सांगता करणाऱ्या भैरवीकडे वळतो. त्याच्याआधीच्या कलाकाराने जास्त वेळ घेतला असेल, तर ती चूक कार्यक्रम आखणाऱ्याची. तिचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे.